प्रमाण त्रुटी मोठी निघते तेव्हा

संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला हा प्रसंग हमखास येतो. समजा, एका तालुक्यातल्या गावागावांतले डेंग्यूचे रुग्ण मोजून झाले आहेत. जिथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि लोकांना पिंपांत, टाक्यांत पाणी साठवावे लागते, त्या गावांत रुग्ण जास्त आहेत का, हे पाहायचे आहे. मोजणीच्या आकड्यांना पॉयसन रिग्रेशन लावावे असे पुस्तकात दिलेले असते, म्हणून ते लावले. सहगुणक आला ०.२४ आणि त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे स्टँडर्ड एरर, ०.०८. अंदाज त्रुटीच्या तिप्पट आहे, तेव्हा संगणकाने त्यापुढे दोन तारे छापले. अर्थ असा, की अनियमित पाणी असलेल्या गावांत रुग्ण सुमारे २७ टक्क्यांनी जास्त आहेत आणि खरा फरक ९ ते ४९ टक्क्यांच्या पट्ट्यात असावा. प्रकरण लिहून होते. मग परीक्षक विचारतात, "ओव्हरडिस्पर्शन तपासलं होतं का?"

तपासल्यावर विखुरण-गुणक, म्हणजे आकडे मॉडेलच्या अपेक्षेच्या किती पट विखुरलेले आहेत ते सांगणारा आकडा, निघतो ९. त्याचे वर्गमूळ ३, म्हणून प्रमाण त्रुटी तिप्पट होऊन ०.२४ वर जाते. आता सहगुणक आणि त्याची त्रुटी बरोबरीला आली. पट्टा इतका रुंदावला की त्यात २१ टक्के घटही बसते आणि दुपटीची वाढही. तारे पुसले जातात. गावे तीच, रुग्ण तेच, सहगुणकही तोच. नाहीशी झाली ती फक्त खात्री.

अशा वेळी बहुतेकांना वाटते की काहीतरी बिघडले. कुणी पहिल्या मॉडेलकडे परत जातो, कुणी दोन-चार चलपदे काढून पाहतो, कुणी त्रुटी लहान होईपर्यंत मॉडेल बदलत राहतो. आमच्या मते पहिले उत्तर चुकीचे होते आणि दुसरे बरोबर आहे. मोठी प्रमाण त्रुटी हा हाती आलेला निष्कर्ष आहे. ती का मोठी झाली हे शोधणे हे संशोधनाचे पुढचे काम असते, आणि ते टाळून लिहिलेल्या अहवालांवर पाण्याच्या, आरोग्याच्या, रस्त्यांच्या योजना ठरतात. म्हणून हा विषय संख्याशास्त्राच्या विभागापुरता ठेवून चालणार नाही.

गोम पॉयसनच्या गृहीतकात आहे. सिमेऑं देनी पॉयसन या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली न्यायालयीन निकालांच्या संभाव्यतेवर लिहिलेल्या ग्रंथात जे वितरण मांडले, त्यात सगळा कारभार एकाच संख्येवर चालतो. सरासरी कळली की आकडे किती विखुरलेले असणार हेही ठरून जाते, कारण या वितरणात विचरण, म्हणजे व्हेरियन्स, सरासरीइतकेच असते. घटना विरळ असाव्यात, एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात आणि सगळीकडे त्यांची शक्यता सारखी असावी, या अटी पाळल्या गेल्या तर हे खरे ठरते.

अटी पाळल्या गेल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लादिस्लाउस बोर्टकिएविच यांनी १८९८ च्या पुस्तकात दिले. प्रशियाच्या सैन्यात १८७५ ते १८९४ या वीस वर्षांत घोड्याच्या लाथेने किती सैनिक मेले, त्याची कोरनिहाय (कोर म्हणजे सैन्याची मोठी तुकडी) मोजणी त्यांनी केली होती. दहा कोर आणि वीस वर्षे मिळून २०० नोंदी होतात. त्यांपैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एका नोंदीत चार. सरासरी ०.६१ येते आणि विचरणही ०.६१. पॉयसनच्या सूत्राने काढले तर मृत्यू नसलेल्या नोंदी १०९ च्या आसपासच येतात. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात हेच कोष्टक घेतले आणि तेव्हापासून ते पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसले आहे.

पण बोर्टकिएविच यांच्या मूळ तक्त्यात कोर चौदा होते. चार कोरांची रचना इतरांपेक्षा वेगळी आहे, म्हणून त्यांनी स्वतःच ते बाजूला काढले. चौदाही कोर घेतले तर २८० नोंदी आणि १९६ मृत्यू होतात, सरासरी ०.७० येते आणि विचरण ०.७६. हा फरक लहान आहे, निव्वळ योगायोगानेही पडू शकेल एवढाच. तरी तो कोणत्या बाजूला गेला ते पाहण्यासारखे आहे. वेगळ्या घडणीच्या तुकड्या मिसळल्या की विचरण सरासरीच्या वर सरकते. पाठ्यपुस्तकातले सर्वांत नेटके उदाहरणसुद्धा नेटके दिसते ते सारख्यातले सारखे निवडून घेतल्यावर. आपल्या तालुक्यातली गावे अशी निवडून घेता येत नाहीत.

विचरण सरासरीच्या पुढे गेले, आकडे मॉडेलच्या अपेक्षेपेक्षा जास्त विखुरले, की त्याला ओव्हरडिस्पर्शन म्हणतात. त्याचा जुना आणि अजूनही सर्वांत बोलका दाखला पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटनमधला आहे. मेजर ग्रीनवुड (मेजर हे त्यांचे नावच होते, हुद्दा नव्हे) आणि उडनी यूल यांनी १९२० साली तोफगोळ्यांच्या कामावरच्या ६४७ स्त्रियांच्या पाच आठवड्यांतल्या अपघातांचा हिशेब मांडला. ४४७ जणींना एकही अपघात झाला नाही, १३२ जणींना एक, ४२ जणींना दोन, २१ जणींना तीन, तिघींना चार आणि दोघींना पाच किंवा अधिक. सरासरी काढली तर बाईमागे ०.४७ च्या जवळ अपघात पडतो. अपघात केवळ दैवाधीन असते, तर त्या सरासरीला सुमारे ४०६ बायका सुखरूप राहायला हव्या होत्या. प्रत्यक्षात ४४७ राहिल्या. तीन किंवा अधिक अपघात जेमतेम आठजणींच्या वाट्याला यायला हवे होते. प्रत्यक्षात ते २६ जणींच्या वाट्याला आले. दोन्ही टोकांना गर्दी आणि मधला भाग रोडावलेला, हे या दुखण्याचे ठळक लक्षण. विचरण ०.६९ आले, सरासरीच्या जवळजवळ दीडपट.

ग्रीनवुड आणि यूल यांनी याचा अर्थ लावताना दोन शक्यता पुढे ठेवल्या. एक, काही जणींना अपघाताचा धोका मुळातच जास्त होता. दोन, पहिला अपघात झाल्यावर पुढच्याची शक्यता बदलत गेली. पहिली शक्यता गणितात उतरवताना त्यांनी प्रत्येकीचा धोका वेगळा धरला आणि त्यातून आज ज्याला निगेटिव्ह बायनोमियल म्हणतात ते वितरण निघाले. ते आकड्यांशी छान जुळले. यामुळे 'अपघातप्रवण माणूस' ही कल्पना बळावली आणि कारखान्यांत कामगार निवडताना पुढे कित्येक वर्षे ती वापरली गेली.

इथे घाई झाली. १९२३ साली एगेनबर्गर आणि पोल्या यांनी साथीसारख्या घटनांचे मॉडेल मांडले. त्यात सुरुवातीला सगळ्यांची शक्यता सारखीच असते, पण प्रत्येक घटनेनंतर पुढची घटना घडण्याची शक्यता वाढते. त्यातूनही निगेटिव्ह बायनोमियलच निघते. विल्यम फेलर यांनी १९४३ मध्ये हा पेच स्पष्ट करून दाखवला. एकाच कालखंडातली नुसती मोजणी हाती असेल, तर माणसे मुळात वेगळी होती की एका घटनेने दुसरीला जन्म दिला, हे वितरणाच्या आकारावरून सांगता येत नाही. शिवाय धोका बाईत होता की तिला दिलेल्या यंत्रात, पाळीत किंवा जागेत, हेही ते कोष्टक सांगत नाही. मोडक्या यंत्रावर बसवलेल्या बाईला पाच आठवड्यांत तीनदा इजा झाली, तर तिच्यावर 'अपघातप्रवण' असा शिक्का मारणे अन्यायाचे आहे, आणि अशा शिक्क्याला आधार देण्याची ताकद त्या आकड्यांत नव्हती. आम्ही या जुन्या प्रकरणावर इतका वेळ थांबतो, कारण आजही निगेटिव्ह बायनोमियल मॉडेल 'बसले' की त्यामागचे कारणही कळले, असा समज करून घेतला जातो. मॉडेल विखुरलेपण मोजून देते. ते आले कुठून, हे गावात किंवा कारखान्यात जाऊनच पाहावे लागते.

साथीच्या रोगांत हे विखुरलेपण जीवनमरणाचा प्रश्न होते. २०२० साली तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशातल्या कोविड रुग्णांच्या संपर्कशोधाचा मोठा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. ८४,९६५ रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातली ५,७५,०७१ माणसे त्यात होती. सुमारे ७० टक्के रुग्णांपासून त्यांच्या शोधलेल्या संपर्कांत एकालाही लागण झालेली आढळली नाही. थोड्या रुग्णांनी मात्र पुष्कळांना दिली. 'एक रुग्ण सरासरी इतक्यांना संसर्ग देतो' हे वाक्य त्या काळात रोज छापून येत होते, आणि त्या सरासरीसारखा वागणारा रुग्ण त्यात क्वचितच सापडला असता.

आता रिग्रेशनकडे वळू. साध्या, सरळ रेषेच्या रिग्रेशनमध्ये आकडे रेषेभोवती किती पसरले आहेत, हे मॉडेल आकड्यांवरूनच शिकते. पसारा जास्त असला की प्रमाण त्रुटी आपोआप मोठी होते. पॉयसन रिग्रेशनमध्ये ही सोय नाही. तिथे पसारा सरासरीवरून आधीच ठरलेला असतो आणि सहगुणकाची प्रमाण त्रुटी त्याच ठरलेल्या पसाऱ्यावरून काढली जाते. आकडे प्रत्यक्षात नऊपट विखुरलेले असले तरी मॉडेलला त्याचा पत्ता नसतो. 'आर' या संगणक-प्रणालीत पॉयसन मॉडेलचा निकाल मागवला, की सहगुणकांच्या तक्त्याखाली कंसात एक ओळ छापून येते: पॉयसन कुटुंबासाठी विखुरण-गुणक १ धरला आहे, अशा अर्थाची. 'धरला आहे' एवढेच ती सांगते, तपासला असे कुठेही म्हणत नाही. प्रबंधात तक्ता उतरवून घेताना ही ओळ बहुधा गाळली जाते. वरच्या सगळ्या ताऱ्यांचा जीव मात्र तिच्यातच असतो.

तपासणी अवघड नाही. प्रत्येक गावासाठी प्रत्यक्ष रुग्णांतून मॉडेलने अपेक्षिलेले रुग्ण वजा करायचे, वजाबाकीचा वर्ग करायचा आणि त्याला अपेक्षित आकड्याने भागायचे. सगळ्या गावांची बेरीज करून तिला गावांच्या संख्येतून सहगुणकांची संख्या वजा करून उरलेल्या आकड्याने भागायचे. उत्तर १ च्या आसपास आले तर ठीक. एखाद्या गावात ४ रुग्ण अपेक्षित होते आणि ५ निघाले, तर त्याची भर अवघी पाव पडते. दुसऱ्या गावातही ४ च अपेक्षित होते आणि निघाले १६, तर त्या एकट्या गावाची भर ३६ होते.

म्हणून गुणक मोठा आला की लगेच मॉडेल बदलू नये. आधी ते १६ रुग्णांचे गाव पाहावे. तिथे ग्रामीण रुग्णालय असेल आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांचे रुग्ण त्याच गावाच्या नावावर चढले असतील, तर दोष नोंदवहीत आहे. पाचशे वस्तीच्या आणि पाच हजार वस्तीच्या गावांचे रुग्ण लोकसंख्येचा हिशेब न करता एकत्र घातले असतील, तर त्याचेही ओव्हरडिस्पर्शन दिसते. पावसासारखे महत्त्वाचे चलपद राहून गेले, वाकड्या संबंधाला सरळ रेषा लावली, किंवा काही गावांत मोजणीच झाली नाही आणि तिथे शून्य लिहिले, तरीही तसेच होते. ही सगळी वरवरची कारणे दूर केल्यावर जे विखुरलेपण उरते, ते खरे. ते बहुतेक वेळा उरतेच. माणसांच्या, गावांच्या, रोगांच्या मोजणीत गुणक १ निघणे हाच अपवाद समजावा.

ते उरल्यावर वाटा दोन-तीन आहेत. रॉबर्ट वेडरबर्न यांनी १९७४ मध्ये दाखवलेली क्वासी-लाइकलिहुडची वाट सर्वांत साधी: सहगुणक तेच ठेवायचे आणि प्रमाण त्रुटीला विखुरण-गुणकाच्या वर्गमुळाने गुणायचे. सुरुवातीच्या उदाहरणात तेच झाले. जॉन नेल्डर यांच्यासोबत १९७२ साली ज्यांनी या सगळ्या मॉडेलांना एका छताखाली आणले तेच हे वेडरबर्न. क्वासी-लाइकलिहुडच्या लेखानंतर वर्षभरात, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी, कीटकदंशाच्या तीव्र प्रतिक्रियेने ते गेले. त्यांनी सोपी करून दिलेली तपासणी पन्नास वर्षांनंतरही ऐच्छिक समजली जावी, याची खंत वाटते.

दुसरी वाट निगेटिव्ह बायनोमियल रिग्रेशनची. तिच्यात विचरण सरासरीच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. त्यामुळे मोठ्या गावांचे वजन पॉयसनपेक्षा कमी होते, लहान गावांचे तुलनेने वाढते, आणि सहगुणकही थोडा हलू शकतो. यांतले काय निवडावे, हे गावांचा पसारा सरासरीबरोबर कसा वाढतो ते आलेख काढून पाहून ठरवावे. तारे कोणत्या मॉडेलमध्ये जास्त मिळतात, हे पाहून नव्हे. तिसरी वाट सँडविच पद्धतीच्या, म्हणजे आकड्यांच्या प्रत्यक्ष पसाऱ्यावरून काढलेल्या, त्रुटींची. ती मोठ्या नमुन्यात चांगली चालते, पण गावे वीस-पंचवीसच असतील तर तिच्यावर विसंबू नये. होय-नाही स्वरूपाच्या उत्तरांबाबत एक गैरसमजही दूर करायला हवा. प्रत्येक माणसाचे एकच उत्तर, शून्य किंवा एक, असेल आणि माणसे स्वतंत्र असतील, तर ओव्हरडिस्पर्शनला तिथे जागाच नसते. माणसे गावात, घरात, वर्गात गटांनी आली की ते डोके वर काढते.

विखुरलेपण नेहमी जास्तच असते असेही नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर यांनी १९५५ मध्ये 'संख्या' या नियतकालिकात बायनोमियल आणि पॉयसन वितरणांची सुधारित रूपे मांडली होती. एका घटनेनंतर काही काळ दुसरी घडूच शकत नाही, अशी परिस्थिती त्यांनी गणितात बसवली. स्त्रीला होणाऱ्या अपत्यांची संख्या हे तिचे सरळ उदाहरण. अशा वेळी विचरण सरासरीपेक्षा कमी भरते आणि पॉयसन मॉडेल त्रुटी उगाचच मोठी दाखवते. दारिद्र्याच्या मोजणीमुळे दांडेकर मराठी वाचकांना ओळखीचे आहेत. त्यांचे हे काम संख्याशास्त्राच्या मराठी विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावे.

प्रमाण त्रुटी मोठी होण्याची सगळीच कारणे विखुरलेपणाची नसतात, आणि प्रत्येक कारणावर उपाय वेगळा. कधी मोठेपणा नुसता एककाचा असतो. उत्पन्न रुपयांत मोजले तर सहगुणक आणि त्रुटी दोन्ही अगदी बारीक दिसतात, तेच लाखांत मोजले तर दोन्ही लाखपट होतात. त्रुटी मोठी की लहान, हे सहगुणकाशी आणि विषयाशी ताडूनच ठरते. कधी दोन चलपदे हातात हात घालून चालतात. ज्या गावांत पाणी अनियमित त्याच गावांत साठवणीची पिंपे जास्त, असे असले तर दोहोंपैकी कोणाचा वाटा किती, हे त्या गावांवरून सांगता येणार नाही. मॉडेल मोठ्या त्रुटी छापून तेच सांगत असते. यातले एक चलपद काढून टाकले की दुसऱ्याची त्रुटी लहान होते खरी, पण उरलेला सहगुणक आता दोघांचा मिळून असतो आणि अहवालात तो एकट्याच्या नावावर लावला जातो. हा उपाय आम्हाला पटत नाही. दोघांचा एकत्रित परिणाम काय, एवढाच प्रश्न विचारून त्याचे उत्तर द्यावे. ते बहुधा नेमके मिळते.

लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये एक आगळाच प्रकार होतो. समजा, लस घेतलेल्या गटात एकही मृत्यू नाही. मग मॉडेलच्या लेखी लसीचा परिणाम अनंत. संगणक अनंतापर्यंत जाऊ शकत नाही म्हणून वाटेत कुठेतरी थांबतो आणि सहगुणक उणे वीस, प्रमाण त्रुटी काही हजार, असे काहीतरी छापतो. त्रुटी इतकी मोठी पाहून 'परिणाम आढळला नाही' असे लिहिणारे आहेत. सर्वांत ठळक परिणाम असलेली गोष्ट अशा रीतीने कचऱ्यात जाते. सहगुणकाला त्रुटीने भागून केलेली चाचणी इथे दगा देते, हे हॉक आणि डोनर यांनी १९७७ मध्येच दाखवले होते. लाइकलिहुड-गुणोत्तराची चाचणी किंवा डेव्हिड फर्थ यांनी १९९३ मध्ये सुचवलेली दुरुस्ती वापरावी. दोन्ही आज सहज उपलब्ध आहेत. इथली मोठी त्रुटी आणि ओव्हरडिस्पर्शनमुळे आलेली मोठी त्रुटी छापील तक्त्यात सारख्याच दिसतात. म्हणून नुसता तक्ता वाचून भागत नाही, गटागटांतले मूळ आकडे पाहावे लागतात.

महामार्गांवरच्या 'ब्लॅक स्पॉट'चा व्यवहारही याच्याशी जोडलेला आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू झाले की तो टप्पा त्या यादीत जातो. अपघातांची मोजणी हमखास विखुरलेली असते, म्हणून रस्तेसुरक्षेच्या अभ्यासात निगेटिव्ह बायनोमियल मॉडेल रूढ झाले आहे आणि अमेरिकेच्या २०१० च्या महामार्ग-सुरक्षा पुस्तिकेने एखाद्या जागेची मोजणी आणि तशा जागांसाठी मॉडेलने दिलेला अंदाज यांची सांगड घालण्याची पद्धत स्वीकारली. ती सांगड न घालता नुसत्या मोजणीवर यादी केली, तर काही टप्पे त्या तीन वर्षांच्या योगायोगाने वर येतात आणि पुढच्या तीन वर्षांत काहीही न करता खाली जातात. मग दरम्यान तिथे बसवलेल्या फलकाला किंवा गतिरोधकाला श्रेय मिळते, आणि खरोखर धोक्याचे वळण निधीवाचून राहते.

गटांनी आलेल्या माहितीत हाच धोका निराळ्या वेषात येतो. एका गावातली माणसे एकमेकांसारखी असतात, एका राज्याचे यंदाचे वर्ष गेल्या वर्षासारखे असते. बर्ट्रांड, डुफ्लो आणि मुल्लैनाथन यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांच्या वेतनाच्या माहितीवर कधीही न झालेले, काल्पनिक कायदे लावून पाहिले. चुकीने 'परिणाम' दिसण्याचे प्रमाण ५ टक्के असायला हवे होते. नेहमीच्या पद्धतीने काढलेल्या प्रमाण त्रुटी इतक्या लहान होत्या, की ते ४५ टक्क्यांपर्यंत गेले. असे लहान आकडे पाहून किती खऱ्या कायद्यांचे गोडवे गायले गेले असतील, याचा विचार अर्थशास्त्राच्या प्रत्येक विभागाने करावा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ही आपल्याकडची अशी एक मोठी माहिती. २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबे होती, आणि तिचे काम मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे होते. त्यात एका गावातून किंवा वस्तीतून साधारण २२ कुटुंबे घेतली जातात. ती माहिती सर्वांना खुली असल्याने महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत तिच्यावर भरपूर रिग्रेशन होते. सर्वेक्षण करणारी संस्था नमुन्याच्या रचनेचा विचार करून त्रुटी देते. वापरणाऱ्यांपैकी कित्येकजण मात्र प्रत्येक कुटुंब स्वतंत्र धरून मोकळे होतात. गावातल्या कुटुंबांचे आपसातले साम्य फक्त ०.०५ धरले, तरी २२ कुटुंबांच्या गटात विचरण एक अधिक एकवीस गुणिले ०.०५, म्हणजे २.०५ पट होते आणि प्रमाण त्रुटी ४३ टक्क्यांनी वाढते. प्रबंधसमित्यांनी आणि मराठी-इंग्रजी शोधपत्रिकांनी दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात: मोजणीच्या प्रत्येक मॉडेलखाली विखुरण-गुणक, आणि गटांनी घेतलेल्या प्रत्येक नमुन्यात गटांचा हिशेब केलेली प्रमाण त्रुटी. वर्तमानपत्रांनीही 'अमुक टक्क्यांनी जास्त' या मथळ्याखाली खात्रीचा पट्टा छापावा. त्याला एक ओळ लागते.

सगळे हिशेब नीट करूनही त्रुटी मोठी उरली, तर ती तशीच छापावी आणि ती कमी करायला पुढच्या वेळी काय मोजावे लागेल, हे सोबत लिहावे. उत्तर दरवेळी 'आणखी कुटुंबे' असे नसते. ३० गावांतून प्रत्येकी २० याप्रमाणे ६०० कुटुंबे घेतली आणि साम्य ०.०५ असले, तर ती सुमारे ३०८ स्वतंत्र कुटुंबांइतकीच माहिती देतात. त्याच ३० गावांत जाऊन प्रत्येकी ४० कुटुंबे घेतली, खर्च जवळजवळ दुप्पट केला, तरी हा आकडा ४०७ च्या पुढे जात नाही, आणि गावे ३० च राहिली तर कितीही घरे पालथी घातली तरी तो ६०० ओलांडणार नाही. तीच १,२०० कुटुंबे ६० गावांतून, प्रत्येकी २० घेतली, तर ती ६१५ स्वतंत्र कुटुंबांच्या तोडीची होतात. प्रवासाचा आणि माणसांचा खर्च यात वाढतो. तो अर्थसंकल्पात मागायचा असेल, तर पहिल्या फेरीतली मोठी प्रमाण त्रुटी अहवालात जशीच्या तशी छापलेली असली पाहिजे, कारण मागणीचा आधार तोच आकडा आहे.